जिभेची उसनवारी : थंडीतल्या गोड सुगंधांविषयीच्या एका पुस्तकाची प्रस्तावना

हे पुस्तक एका फजितीतून जन्माला आले, ही गोष्ट आरंभीच कबूल करून टाकलेली बरी. काही वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या भाच्याने मला अत्तराची एक जाड काचेची कुपी भेट दिली, आणि तिच्यातला सुगंध इतका गोड, इतका उबदार आणि इतका ओळखीचा वाटला की, वैशाखातल्या भर दुपारच्या एका लग्नाला निघताना मी तो मनगटांवर, मानेवर आणि सदऱ्याच्या गळ्यावर सढळ हाताने फवारला. मंगल कार्यालयात पंखे फिरत होते, पण ते बिचारे गरम हवाच इकडून तिकडे ढकलीत होते, आणि पंगतीची पाने मांडली जात असतानाच माझ्या पाठीमागच्या खुर्चीवर बसलेल्या आत्याबाईंनी नाक वर करून, अत्यंत गांभीर्याने, आपल्या सुनेला सांगितले, "अगं, आत जाऊन बघ गं जरा, शिरा लागलाय वाटतं खाली." सून आत गेली, आचाऱ्याने आज शिरा नसून जिलबी असल्याचे शपथेवर सांगितले, तरीही वास हटेना, आणि तो वास ज्याच्यापासून येत होता तो इसम मान खाली घालून पानातल्या मिठाकडे पाहत बसला.

त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात, पहाटेच्या गाडीने आम्ही सगळे कुलदैवताला निघालो होतो, आणि वैशाखातला धडा लक्षात ठेवून मी त्याच कुपीतला एकच फवारा, तोही अंगावर नव्हे तर शालीच्या काठावर, मारला होता. तासाभराने शेजारी बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "काय लावलंयस रे? वाड्यातल्या माजघरात बसल्यासारखं वाटतंय." कुपी तीच आणि नाकही तेच, मग एकाच मामल्यात एकाच साक्षीदाराने सहा महिन्यांच्या अंतराने अशा परस्परविरुद्ध जबान्या द्याव्यात याला कारण काय, हा प्रश्न मनात रुजला तो पुढे सुटेना. पुढची पाने हे त्या प्रश्नाच्या चौकशीचे दफ्तर आहे, आणि ही प्रस्तावना म्हणजे त्या दफ्तरावरची फेरिस्त.

ज्या जातीच्या सुगंधांविषयी हे पुस्तक आहे त्यांना फ्रेंच अत्तरकार ‘गूरमाँ’ म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ खाण्यापिण्याचा शौकीन, म्हणजे आपला खवय्या; आणि आपल्या भाषेत इतका रसरशीत शब्द उपलब्ध असताना परका शब्द पदरी बाळगण्याचे प्रयोजन नसल्यामुळे मी या पुस्तकात सर्वत्र ‘खवय्ये सुगंध’ असेच म्हटले आहे. फुलांचे, फळांच्या सालींचे, लाकडांचे आणि गवतांचे सुगंध हे अत्तरशास्त्राचे जुने घराणे. त्याच्या मानाने जळत्या साखरेचा, भाजलेल्या कोकोचा, मधाचा, आटवलेल्या दुधाचा, व्हॅनिलाचा आणि गरम मसाल्याचा वास अंगाला लावण्यासाठी म्हणून मुद्दाम सिद्ध करणे हा प्रकार, निदान या नावाने, अगदी अलीकडचा. परंतु नाव अलीकडचे म्हणून वस्तूही अलीकडचीच असे मानण्याची घाई करू नये. ती घाई कशी अंगाशी येते हे पुढे दिसेलच.

या विषयाचे कुलूप ज्या किल्लीने उघडते ती किल्ली आधीच वाचकाच्या हाती देतो : गोड हा मुळात वासच नव्हे. गोडी हा जिभेचा विषय आहे; जिभेवर साखर विरघळते तेव्हा जी संवेदना होते तिचे नाव गोड, आणि साखरेला स्वतःला, शुद्ध पांढऱ्या दाणेदार साखरेला, सांगण्यासारखा वास नाही. ज्याला ही गोष्ट पटत नसेल त्याने केकसाठी घरात आणून ठेवलेल्या व्हॅनिला इसेन्सची बाटली उघडून आधी ती हुंगावी, आणि नंतर एक थेंब जिभेच्या शेंड्यावर ठेवावा. नाकाला जी वस्तू आइस्क्रीमच्या दुकानाइतकी गोड भासली तीच जिभेला कडवट आणि झोंबणारी लागते, आणि माणूस फसवल्यासारखा स्वतःकडेच पाहत राहतो. वेलदोड्याची हकीकत निराळी नाही : नुसता काळा दाणा दाताखाली चिरडला तर तो तिखट आणि उग्र, पण आपल्या जन्मात वेलदोडा श्रीखंडावाचून, बासुंदीवाचून, पुरणावाचून क्वचितच भेटलेला असल्यामुळे त्याचा वास आला की आपण डोळे मिटून त्याला गोड म्हणतो.

म्हणजे नाकाच्या दफ्तरात ‘गोड’ या नावाचे स्वतंत्र खाते मुळी नाहीच. ते जिभेच्या खात्यावर उचल करते, आणि लहानपणापासून साखरगुळाच्या संगतीने जे जे वास पोटात गेले त्यांच्या जामिनकीवर ती उचल मंजूर होते. या उसनवारीचे तारण स्मृती आहे. म्हणूनच एका देशातला गोड वास दुसऱ्या देशातल्या माणसाला गोड वाटेलच अशी हमी कोणी देऊ नये, आणि म्हणूनच खवय्या सुगंधाची पारख करणारा मनुष्य सुगंधाइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, स्वतःच्या बालपणाची पारख करीत असतो.

या सिद्धांताला न्यूयॉर्क शहराने एक मोठी मौजेची पुष्टी दिली आहे. 2005 पासून काही वर्षे त्या शहरात अधूनमधून रात्री-अपरात्री मेपलच्या पाकाचा गोड वास पसरे. लोक दचकून सरकारी कचेऱ्यांत दूरध्वनी करीत, हवेचे नमुने घेतले जात, आणि काही विपरीत घडत नसल्याची ग्वाही मिळूनही उगम सापडत नसे. अखेर 2009 मध्ये महापौरांनी जाहीर केले की, नदीपलीकडच्या न्यू जर्सीत वास आणि स्वाद तयार करणाऱ्या एका कारखान्यात प्रक्रिया होत असलेल्या बियांचा तो वास होता. आणि त्या बिया होत्या मेथीच्या! मेथीत ‘सोटोलोन’ नावाचे एक द्रव्य असते, अत्यल्प मात्रेतही त्याचा वास जळत्या साखरेसारखा येतो, आणि मेपलच्या कृत्रिम पाकासाठी मेथीचा अर्क वापरण्याची वहिवाट त्यामुळेच पडली आहे. न्यूयॉर्कच्या नागरिकाला त्या वासाने न्याहारीची घावनवजा गोड भाकरी आठवली. तोच वास दादरला किंवा धारवाडला पसरता तर कोणीही कचेरीत दूरध्वनी न करता, कुणाच्या घरी बाळंतीण आहे आणि मेथीचे लाडू वळले जात आहेत एवढेच विचारले असते. द्रव्य एकच, पण ते ज्या खात्यावर जमा व्हायचे ते खाते ज्याचे त्याचे वेगळे.

आता आत्याबाईंच्या दोन जबान्यांतला जो दुसरा मुद्दा, म्हणजे ऋतू, त्याकडे वळू. सुगंध म्हणजे हवेत उडून नाकापर्यंत पोचलेले द्रव्य, आणि ते उडावे यासाठी उष्णता लागते. ओले धोतर उन्हात तासाभरात वाळते आणि पौषातल्या सावलीत दिवसभर ओलसर राहते, त्यात जो न्याय आहे तोच येथे. मात्र सगळी सुगंधी द्रव्ये सारखी चपळ नसतात. संत्र्या-लिंबाच्या सालीत जे लिमोनीन असते ते 176 अंश सेल्सिअसला उकळते, तर व्हॅनिलाचा प्राण जे व्हॅनिलीन त्याला सुमारे 285 अंश लागतात. अर्थात पहिले हवेत उडून जायला उतावीळ, तर दुसरे जागचे न हलणारे, बैठकीत लोडाला टेकून बसलेल्या वयस्कर पाहुण्यासारखे. खवय्या सुगंधात अशा जड पाहुण्यांचीच गर्दी अधिक. वैशाखात अंगाचा आणि हवेचा उष्मा मिळून ही सगळी मंडळी एकदम उठतात, घामात मिसळतात, आणि बंद दालनात पाकाची कढई उलथल्यासारखा गोंधळ माजतो. मार्गशीर्षात तीच मंडळी एकामागून एक, सावकाश, शालीच्या उबेने जेवढी जाग येईल तेवढीच उठतात, आणि भोवतालची हवा कोरडी, थंड आणि निर्गंध असल्यामुळे त्यांचे प्रत्येक पाऊल स्वच्छ ऐकू येते.

ऋतूप्रमाणे सुगंध बदलावा हा विवेक पाश्चात्त्य दुकानदारांनी शिकवला असे मात्र कोणी समजू नये. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त ऋतुचर्या सांगताना हेमंतात केशरकस्तुरीचा लेप आणि अगरूचा धूप विहित केला आहे, आणि चंदन ग्रीष्मासाठी राखून ठेवले आहे. उत्तरेतले अत्तरिये आजही उन्हाळ्यात वाळा, गुलाब, केवडा आणि पहिल्या पावसाच्या मातीचे अत्तर विकतात, आणि थंडी पडली की हिना आणि शमामा यांच्या कुप्या पुढे सरकवतात. आपल्याकडे जुन्या पिढीतला रसिक थंडीत हिन्याचा फाया कानाच्या पाळीत खोचून निघे. त्यामागे शास्त्राधार होता की नाही हे त्याला ठाऊक नसेल, पण वाळ्याचा फाया त्याने पौषात कधी खोचला नाही हे खरे.

पश्चिमेकडची हकीकत या पुस्तकाच्या पहिल्या तीन प्रकरणांत विस्ताराने आली आहे. तिचा सारांश येथे देतो, कारण तिच्यात मनुष्याच्या बुद्धीचे आणि अन्यायाचे असे दोन्ही अध्याय आहेत. व्हॅनिला ही मेक्सिकोतल्या एका ऑर्किडवेलीची शेंग. वेल युरोपीय लोकांनी हिंदी महासागरातल्या बेटांवर नेऊन लावली, ती फोफावली, फुलली, पण शेंग धरीना, कारण तिच्या फुलाचा पराग पोचवणारे कीटक मायदेशीच राहिले होते. 1841 मध्ये, आज जिला रेयुनियाँ म्हणतात त्या बेटावर, एडमंड नावाच्या अवघ्या 12 वर्षांच्या एका गुलाम मुलाने काडीच्या टोकाने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधली. एक फूल, एक क्षण, एक शेंग. आज जगात जेथे जेथे मेक्सिकोबाहेर व्हॅनिला पिकतो तेथे याच युक्तीने, फुलागणिक एकदा, माणसाचा हात लागतो. 1848 मध्ये गुलामगिरी रद्द झाल्यावर त्या मुलाला आल्बियुस हे आडनाव मिळाले. पण ज्या युक्तीने बेट धनाढ्य झाले तिच्या मोबदल्याचा एक कपर्दिकही त्याच्या पदरात पडला नाही, आणि 1880 मध्ये तो दारिद्र्यातच वारला. गोडाच्या जमाखर्चात ही एक बाकी अद्याप येणे आहे.

व्हॅनिलाची हिरवी शेंग निर्गंध असते, हीदेखील ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट. ती गरम पाण्यात बुचकळून, घोंगड्यांत गुंडाळून घाम आणवून, उन्हात आणि सावलीत महिनोन्‌महिने मुरवली म्हणजे तिच्यातली साखरेला बांधलेली द्रव्ये मोकळी होतात आणि वास जन्माला येतो. एवढा खटाटोप करून मिळणारा माल महाग असणारच. तेव्हा रसायनशास्त्रज्ञांची दृष्टी त्याकडे वळली, आणि 1874 मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान या दोघांनी सूचिपर्णी वृक्षाच्या रसातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलीन सिद्ध केले. तत्पूर्वी 1868 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन याने, वाळत्या गवतासारखा आणि बदामासारखा वास असलेले कूमारिन प्रयोगशाळेत घडवले होते. या दोन भुकट्यांनी अत्तराचा इतिहास बदलला. 1889 मध्ये, ज्या वर्षी आयफेल मनोरा उभा राहिला त्याच वर्षी, एमे गेर्लँ याने लव्हेंडरखाली कूमारिन आणि व्हॅनिलीन यांची बैठक घालून ‘जिकी’ हे अत्तर काढले. आणि 1925 मध्ये त्याच घराण्यातल्या जाक गेर्लँचे ‘शालिमार’ बाजारात आले. जाकने जिकीच्या कुपीत एथिल-व्हॅनिलीनची चिमूट सहज टाकून पाहिली आणि शालिमारचा जन्म झाला, असे सांगतात. कथा रंगवलेली असेल, पण बर्गामॉटच्या झगझगीत आंबटपणाखाली व्हॅनिला, राळा आणि धूर यांचा जो दाट काळोख त्या अत्तरात आहे तो मात्र प्रत्यक्ष आहे. नाव आपल्या मोगल बागेचे, कल्पना पॅरिसची, आणि गोडी प्रयोगशाळेची असा हा त्रिस्थळी प्रवास आहे.

तरीही शालिमार खवय्या नव्हे. त्यात गोड आहे, पण खाऊ नाही. तो उंबरठा ओलांडला गेला 1992 मध्ये, जेव्हा तिएरी म्युग्लेर या वेशभूषाकाराच्या नावाने ‘एंजल’ हे अत्तर आले. लहानपणीच्या जत्रेतला गोडवा कुपीत यावा अशी म्युग्लेरची इच्छा होती, आणि ती ऑलिव्हिए क्रेस्प या अत्तरकाराने एथिल-माल्टॉल या द्रव्याच्या साहाय्याने पुरी केली. भाजलेल्या जवात, म्हणजे बार्लीत, आणि लार्च वृक्षाच्या सालीत जे माल्टॉल असते त्याचा हा धाकटा भाऊ. मात्र सृष्टीत तो कोठेही सापडत नाही, तो सर्वस्वी मनुष्यनिर्मित आहे, आणि थोरल्यापेक्षा कितीतरी पट तीव्र आहे. त्याचा वास हुंगला की जत्रेतले म्हातारीचे केस डोळ्यांपुढे उभे राहतात : गुलाबी, फुगलेले, आणि तोंडात घालताक्षणी नाहीसे होणारे.

परंतु एंजल टिकले ते एथिल-माल्टॉलच्या बळावर नव्हे, असे माझे मत आहे, आणि हे मतच या पुस्तकाचा कणा आहे. क्रेस्पने त्या साखरेच्या ढगाखाली पॅचुलीचा मोठा साठा ठेवला. पॅचुली म्हणजे कापूर, ओली माती आणि तळघर यांचा मिळून होईल तसा एक गडद, कडवट, जरासा कुबट वास. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली विलायतेला रवाना होत तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत या झाडाची पाने घालीत, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना त्या वासाची एवढी सवय जडली की ज्या शालीला तो नाही ती अस्सल नव्हे असे ते समजू लागले. अशा वासाला साखरेखाली बसवणे म्हणजे वरकरणी वेडेपणा. पण त्या कडवट बुंध्यावाचून साखरेचा ढग उभाच राहिला नसता, दोन घटकांत विरून गेला असता. पुढे एंजलची नक्कल करणाऱ्या शेकडो अत्तरांनी साखर घेतली आणि बुंधा टाकला. ती आज फराळाच्या ताटातल्या सातव्या लाडवासारखी वाटतात.

हे तत्त्व मला कोणत्याही फ्रेंच ग्रंथाने शिकवलेले नाही. ते मी गोड्या मसाल्यात पाहिले. आमच्या घरी वर्षाचा मसाला होई तेव्हा धने, तीळ, सुके खोबरे, दालचिनी, लवंग, नागकेशर अशी एकेक जिन्नस आई मंद आचेवर वेगवेगळी भाजून परातीत ओतीत असे, आणि सर्वांत शेवटी दगडफूल कढईत पडे. दगडफूल हे फूल नव्हे, ते खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारे शैवाक. हातात घेतले तर करड्या-काळ्या चुरगळलेल्या कागदासारखे, आणि नुसते हुंगले तर पावसाळ्यात बंद राहिलेल्या माळ्यासारखे. लहानपणी मी आईला विचारले होते की, एवढ्या चांगल्या वासांत हा घाण वास कशाला घालतेस. तिने उत्तर दिले नाही. बोटभर तेलात दगडफूल परतले आणि कढई माझ्या नाकाखाली धरली. माळ्याची दारे उघडून आत कोणीतरी दिवा लावावा तसा तो वास पालटला होता : खोल, उबदार, लाकडासारखा, आणि त्या एका पायावर खोबरे, तीळ, दालचिनी यांचा इतका वेळ सुटा सुटा राहिलेला गोडवा येऊन स्थिरावला. मसाल्यात साखरेचा कण नाही, गुळाचा खडा नाही. तरी त्याचे नाव गोडा. नाकाच्या उसनवारीचा याहून अस्सल दस्तऐवज मला माहीत नाही.

आणि हेच दगडफूल कनौजच्या शमाम्यात पडते. गंगेकाठच्या या गावात तांब्याच्या देगेत जिन्नस आणि पाणी भरून, झाकण मातीने लिंपून, वाफ बांबूच्या नळीवाटे पाण्यात बुडवलेल्या भपक्यात उतरवतात, आणि भपक्यातले चंदनाचे तेल ती वाफ पिऊन घेते. शमाम्यासाठी देगेत जातात ती फुले नव्हेत. दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री अशी, अत्तराची यादी म्हणावी की वाण्याची असा संभ्रम पडावा, असली ती सामग्री असते. थंडीच्या सकाळी शमाम्याचा एक थेंब मनगटावर चोळला तर पहिली घटकाभर तो औषधी काढ्यासारखा कठोर वाटतो, दुसऱ्या प्रहरी मसाल्याच्या डब्याचे झाकण निघते, आणि दिवे लागणीला मनगट पुन्हा नाकाशी नेले तर चंदनाच्या साईवर केशरदुधासारखे काहीतरी उरलेले असते. एंजल गोडाकडून कडवटाकडे उतरते, तर शमामा कडवटाकडून गोडाकडे चढतो. वाट एकच, प्रवासाची दिशा तेवढी उलट.

याहून मागे गेले तरी स्वयंपाकघर आणि गंधशाळा यांच्यामधली भिंत आपल्याकडे पातळच दिसते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात राजांसाठी सांगितलेल्या एका धूपात शैलेय म्हणजे आपले दगडफूल, नागरमोथा, राळ आणि गुग्गुळ घेऊन ते सर्व मधात मळायला सांगितले आहे, त्या धूपाचे नाव ‘कोपच्छद’, म्हणजे राग झाकून टाकणारा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला त्यात अन्नभोग आणि विलेपनभोग हे एकाच ग्रंथाचे शेजारी आहेत. आणि मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अनामिक कर्त्याचा ‘गंधवाद’ ही दुर्मीळ पोथी प्रकाशात आणली, तिच्यातल्या ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. सुगंधशास्त्र समजावून सांगणाऱ्याला एके काळी मराठी पुरेशी वाटली होती, एवढाच त्याचा बोध मी घेतो, आणि या पुस्तकाच्या धाडसाला तेवढी सनद पुष्कळ झाली.

परंतु येथे एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. वरील परिच्छेद वाचून, सर्व काही आमच्या पूर्वजांनी आधीच शोधले होते, असा निष्कर्ष जो काढील त्याने हे पुस्तक खुशाल मिटावे. वराहमिहिराजवळ मध होता, एथिल-माल्टॉल नव्हते. कनौजच्या देगेतून कितीही लाकूड जाळले तरी जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास उतरणार नाही. प्रयोगशाळेने नाकाला जी नवी उचल मिळवून दिली ती तिची स्वतःची कमाई आहे, आणि ती तिच्या नावावर जमा करणे हा प्रामाणिकपणा आहे. आपल्याजवळ होते ते द्रव्य नव्हे, तर मुरब्बीपण : गोडाला बैठक कडवटाची द्यावी लागते हा हिशेब.

शब्दांविषयीही थोडा खुलासा हवा. अत्तराच्या दुकानांत हल्ली ‘ऊद’ या शब्दाचा सुळसुळाट झाला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ अगरूचे लाकूड असा आहे, जो अरबी भाषेत बरोबरच आहे. मराठी घरात मात्र ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायची ती राळ, जिला युरोपात बेंझोइन म्हणतात. आणि गंमत अशी की तो युरोपीय शब्द ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडचा लोबान, या अरबी शब्दाचाच अपभ्रंश आहे. पाश्चात्त्य अत्तरकार व्हॅनिलाच्या जोडीला ज्या राळेवर विसंबतात ती हीच. मी या पुस्तकात ऊद हा शब्द मराठी अर्थानेच वापरला आहे, आणि त्याला व्याकरणापेक्षा एक मोठे कारण आहे. पौषातली संध्याकाळ, बाळंतिणीची खोली, बाजेखाली शेगडी, न्हाऊ घातलेल्या बाळाला सुपलीच्या आडून दिलेली धुरी, आणि निखाऱ्यावर तडतडून वितळणारा ऊद : आपल्यापैकी पुष्कळांच्या नाकाने ऊब आणि गोडी यांची गाठ पहिल्यांदा बांधली ती या खोलीत, कोणताही लाडू तोंडात पडण्यापूर्वी. आत्याबाईंना गाडीत वाड्याचे माजघर आठवले, त्या कुपीत ऊद होता. याची मी नंतर भाच्याला विचारून खात्री करून घेतली.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडक्यात : पहिल्या तीन प्रकरणांत इतिहास, चौथ्यात राळा आणि मसाले, पाचव्यात कनौज, सहाव्यात साखर, दूध आणि कोको यांचे वास, आणि अखेरच्या प्रकरणात वापराचे नियम दिले आहेत. नियम तीनच आहेत. एक, हात आखडता ठेवावा, कारण हे सुगंध तास नव्हे तर दिवस मोजतात. दोन, कुपी विकत घेण्यापूर्वी ती कागदाच्या पट्टीवर नव्हे तर मनगटावर लावून संध्याकाळपर्यंत वाट पाहावी. पहिल्या दहा मिनिटांत जे गोड वाटते ते पुष्कळदा नुसतेच गोड असते. तीन, शक्य तर अंगापेक्षा लोकरीवर विश्वास ठेवावा. लोकर वास धरून ठेवते आणि सावकाश परत करते, आणि पुढच्या वर्षी पेटी उघडली तर काठाशी मुद्दल थोडेबहुत शिल्लक सापडते.

भाच्याचे आणि त्याच्या कुपीचे आभार मानतो. आईने कढई नाकाखाली धरली होती, तिचे ऋण प्रस्तावनेत फेडता येण्यासारखे नाही. पुस्तक कोणत्याही ऋतूत वाचायला हरकत नाही. त्यातली अत्तरे मात्र तुळशीचे लग्न लागेपर्यंत कपाटातच राहू द्यावीत. आत्याबाईंची तशी सक्त ताकीद आहे.